पाच कन्यांचा वाद

शास्त्रभाग : गणना २७:१-११, यहोशवा १७:३-४



न्यायालयाची पायरी चढणे ख्रिस्ती मनुष्यास शोभत नाही, असे आपल्या मंडळ्यांतून पुष्कळदा ऐकू येते. करिंथ येथील बंधू एकमेकांवर फिर्यादी करीत म्हणून पौलाने त्यांना दोष दिला, हे खरे. परंतु स्वतःच्या लाभासाठी भावाला न्यायासनापुढे खेचणे निराळे, आणि दुर्बळाची भाकरी राखण्यासाठी न्याय मागणे निराळे.

सलाफहादाला पुत्र नव्हता. महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा या त्याच्या पाच कन्या दर्शनमंडपाच्या दारी मोशे, एलाजार याजक, सरदार व सर्व मंडळी यांच्यापुढे उभ्या राहिल्या. बापाच्या वतनात त्यांनी वाटा मागितला. मोशेने त्यांना गप्प बसविले नाही. त्यांचा वाद त्याने परमेश्वरापुढे नेला. येथे मूळ इब्री शब्द ‘मिशपाट’ हा आहे. वाद, निवाडा आणि न्याय्य हक्क हे तिन्ही अर्थ त्यात सामावले आहेत; भाषांतरकाराने एक निवडला की उरलेले दोन हातून निसटतात. मागणे न्याय्य आहे, असा परमेश्वराने निर्णय दिला आणि तो सर्व इस्राएलास नियम झाला. पाच जणींच्या वादाने पुढच्या पिढ्यांचे कल्याण झाले.

आपल्या देशातही असे घडले आहे. १९८१ साली मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांना हटविण्याचे शासनाने ठरविले, तेव्हा पत्रकार ओल्गा टेलिस व काही पदपथवासी न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने सांगितले की, राज्यघटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. कारण जगण्याचे साधन हिरावले की जीवनच हिरावले जाते. त्याच वर्षी मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, झोपडपट्टी व पदपथ येथील रहिवाशांचे गाऱ्हाणेही सर्वोच्च न्यायालयापुढे आले. शासन त्यांच्या हिताची काळजी पुढेही वाहील, असा विश्वास न्यायालयाने व्यक्त केला.

तथापि निवाडा म्हणजे घर नव्हे. मुंबईत पावसाळा संपेपर्यंत अभय मिळाले, १९७६ च्या गणनेची ओळखपत्रे असणाऱ्यांना पर्यायी जागा देण्याचा आदेश झाला; पण पदपथ मोकळे करण्याचा पालिकेचा अधिकार कायम राहिला. चेन्नईत पुढे कूवम व अड्यार नद्यांच्या काठची अनेक कुटुंबे दूर कण्णगी नगर, पेरुंबाक्कम येथे हलविण्यात आली. डोक्यावर छप्पर आले, परंतु ज्या कामावर चूल पेटत होती ते काम शहरातच राहिले. घर आणि भाकरी वेगळी करता येत नाहीत, हेच तर १९८५ च्या निवाड्याचे मर्म होते.

म्हणून यहोशवा १७ वाचा. मोशे गेला, कनान देशाची वाटणी सुरू झाली, आणि त्या पाच कन्या पुन्हा उभ्या राहिल्या! परमेश्वराची आज्ञा त्यांनी एलाजार व यहोशवा यांना स्मरून दिली. तेव्हा कुठे त्यांना वतन मिळाले. परमेश्वराने दिलेला निवाडासुद्धा कोणी पुन्हा मागितल्याखेरीज जमिनीवर उतरला नाही.

वाचकहो, आपल्या मंडळीच्या आसपास एखाद्या वस्तीला नोटीस आली, तर ती वाचून समजावून देणारा कोणी तुमच्यात आहे काय? कागदपत्रे जमविण्यास, वकिलाकडे सोबत जाण्यास, तारखेला विधवेच्या शेजारी बसण्यास कोणी तयार आहे काय? आणि निकाल लागल्यावर, सर्व जण तो विसरले असता, तो स्मरून देण्यास कोण जाईल? प्रार्थना सोडू नका. पण प्रार्थनेवरून उठल्यावर त्या दारापर्यंत त्यांच्याबरोबर चालत जा. अनाथांचा कैवारी असलेला परमेश्वर तेथे आपल्या आधी उभा आहे.