गरज आणि सोय

पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाचे भय आमच्या खेड्यापाड्यांतून कोणास ठाऊक नाही? त्या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली म्हणजे रोगी बहुधा वाचत नाही. या मरणातून सुटण्याचा मार्ग मनुष्यास कोणाच्या जिवावर मिळाला, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

फ्रान्स देशातील विद्वान लुई पाश्चर यांनी या रोगाचे विष सशांच्या अंगी घातले, मेलेल्या सशांचे पृष्ठरज्जू वाळवून ते विष मंद केले, आणि त्याचा अनुभव आधी कुत्र्यांवर पाहिला. ता. ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर नावाच्या ९ वर्षांच्या मुलास त्यांनी लस टोचण्यास आरंभ केला, आणि मुलगा वाचला. त्याच्या आईपुढे उभे राहून, ते ससे मारणे पाप होते, असे म्हणण्यास आमची जीभ धजत नाही.

परंतु त्या दिवशीची गरज सर्व काळाचा परवाना होते काय? डेव्हिड सेंपल यांनी कसौली येथे १९११ साली दुसरी लस काढली. ती आमच्या देशात मेंढ्यांच्या मेंदूपासून होऊ लागली. पोटात घ्यावी लागणारी ती १४ इंजेक्शने वडील मंडळींस आठवत असतील. तिच्यामुळे क्वचित कोणास पक्षाघातही होई. पुढे प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींपासून लस होऊ लागली. ती थोड्या मात्रांत पुरते व अधिक निर्धोकही आहे. तरीही, स्वस्त पडते म्हणून, जुनी लस २००४ सालापर्यंत येथे चालूच राहिली. त्या वर्षांत मेंढ्या मेल्या त्या गरजेसाठी की सोयीसाठी? आणि त्या सोयीची किंमत मेंढीबरोबर गरीब रोग्यानेही भरली नाही काय?

प्राण्यांवरील प्रयोगांस इंग्लंडात १८७६ च्या कायद्याने प्रथम बंधन घातले. शक्य असेल तेथे असे प्रयोग टाळावेत, असे भारताचा १९६० चा कायदाही सांगतो. म्हणजे गरज ही पुनःपुन्हा तपासून पाहावयाची गोष्ट आहे.

म्हणून आमचे सांगणे इतकेच की, कुत्रा चावल्यास जखम साबणपाण्याने धुवावी व तत्काळ दवाखाना गाठावा; लस घेण्यास कोणी कचरू नये. परंतु मुक्या जिवास दुखविण्याचा प्रसंग येईल तेव्हा, मग तो प्रयोगशाळेत असो वा आपल्या गोठ्यात, प्रत्येकाने आपल्या मनास विचारावे : ही खरोखर गरज आहे, की गरजेचे नाव घेतलेली आमची सोय?