हाडाचं बटण

मित्रांनो, माझ्याकडं बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात बटणं आहेत. नगरच्या जुन्या बाजारातनं, शिंप्याच्या कचऱ्यातनं, फाटक्या कोटावरनं काढून आणलेली. शिंपल्याची, काचेची, पितळेची, आणि हल्लीच्या फ्रॉकवरची फुलाफुलांची प्लॅस्टिकचीसुद्धा. सूतगिरणीतली पाळी संपली की मी ती चटईवर ओततो. एकेक गालाला लावून बघतो. शिंपला गार लागतो, प्लॅस्टिक लागत नाही.

मागं अभ्यासवर्गाच्या वेळी एका कार्यकर्त्यानं हा डबा बघितला. म्हणाला, "वस्तीत लोकांच्या पोटाला नाय, आन् तू बटणं जमवतो? हे साहेबलोकांचे छंद." मी गप बसलो. त्याचं निम्मं खरं होतं. जमवायला सवड लागते, जागा लागते. आपल्या बापजाद्यांना दोन्ही मिळालं नाही.

निम्मं मात्र खोटं. लंडनमध्ये हेन्री क्रॉफ्ट नावाचा माणूस होता. जन्म १८६१ चा. अनाथाश्रमात वाढला, रस्ते झाडायचा. त्यानं शिंपल्याची बटणं जमवली आणि आपल्या सूटवर अशी शिवली की कापड दिसेना. तो सूट घालून रस्त्यावर उभा राहायचा आणि दवाखान्यांसाठी, अनाथ पोरांसाठी पैसे गोळा करायचा. १९३० साली तो वारला. नटणं हा भरल्या पोटाचाच हक्क आहे, हे त्या झाडूवाल्यानं मानलं नाही.

आपल्याकडं तर अंगावर काय घालायचं हीच लढाई होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायांना सांगितलं, अस्पृश्य म्हणून ओळखू येतील असे दागिने टाका, लुगडं नीट नेसा. स्वतः ते सुटाबुटात वावरले. त्यांचे काही कपडे नागपूरजवळ चिचोलीला जपून ठेवलेत. त्याला छंद म्हणायची कुणाची छाती आहे?

हे सगळं मी त्या दोस्ताला पुढच्या भेटीत सांगितलं. त्यानं ऐकलं. मग डब्यातलं एक पिवळट बटण उचललं आणि विचारलं, "हे कशाचं?"

म्हटलं, हाडाचं. भिंगाखाली धरलं तर बारीक काळपट ठिपके दिसतात, त्यावरनं ओळखायचं.

तो उसळला. "जाळ हे! मनुस्मृती जाळली तसं जाळ!"

मित्रांनो, त्या रात्री मला झोप नाही. आमच्या वतनी जमिनीला हाडोळा म्हणायचे. नावातच हाड. माझा आजा दहा वर्षांचा असताना बापाबरोबर मेलेली ढोरं ओढायचा. उन्हात पडलेली हाडं वेचून व्यापाऱ्याला वजनावर घालायचा. १९५६ साली धम्म घेतला आणि घरानं ते काम टाकलं. ती हाडं बहुतेक खतासाठी, सरसासाठी जायची. पण हाडाची, शिंगाची बटणंही होतात. उत्तर प्रदेशात संभलला हाडा-शिंगाच्या वस्तू करणारे कारागीर आजही आहेत. माझं बटण आज्यानं वेचलेल्या हाडाचं आहे, असं मी म्हणणार नाही. कुणातरी आज्यानं वेचलेल्या हाडाचं आहे, एवढं नक्की.

आता बघा. ढोर ओढणाऱ्याची सावलीसुद्धा विटाळाची. आणि त्याच ढोराच्या हाडाचं बटण वकिलाच्या, सावकाराच्या छातीवर! सदरा काढताना रोज त्याला बोटं लागत होती. कुणी आंघोळ केली? कुणी गोमूत्र शिंपडलं? मग विटाळ गेला कुठं? हाड कापलं, उकळलं, घासलं, भोकं पाडली, किंमत लागली, की विटाळ संपला. माणसाला मात्र कितीही घासा, त्याचा संपत नाही. म्हंजे विटाळ हाडात नव्हताच. तो बघणाऱ्याच्या डोळ्यात होता.

म्हणून मी ते जाळलं नाही. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली, कारण ती हुकूम होती. तो हुकूम माणसांच्या डोक्यात अजून चालतो. बटण हुकूम करत नाही. त्यात आमचा घाम आहे आणि त्यांचं खोटं उघडं पाडणारा पुरावा आहे. पुरावा जाळायचा नसतो. ते सुंदर आहे, हेही मी लपवणार नाही. गुळगुळीत, दुधाच्या सायीसारखं. आमच्या हातनं गेलेली वस्तू सुंदर असू शकते, हे म्हणायला आपण का लाजतो?

पण दोस्ताची शंका पुरती फिटली नव्हती. ती मला परवा कळली. सकाळी भाची आली. शाळेच्या गणवेशाचं बटण तुटलेलं, टाचणी लावलेली. मी डबा उघडला आणि हात थांबला. शिंपल्याची चार सारखी होती. एक दिलं तर जोड मोडणार. क्षणभरच. पण त्या क्षणात मी बटणांचा सावकार झालो होतो.

मग एक काढलं, सुई ओवली, शिवलं. पोरगी शाळेत गेली.

आता डब्यात तीन आहेत. हाडाचं तसंच आहे. ज्याला बघायचं त्यानं यावं. ज्याच्या सदऱ्याला बटण नाही, त्यानं आधी यावं.

जयभीम.