वास्तू तथास्तु म्हणते

मराठी घरांत एक समज आहे. घरात अभद्र बोलू नये, कारण वास्तुपुरुष सतत ‘तथास्तु’ म्हणत असतो. आपले बोलणे आणि त्याचे तथास्तु यांची गाठ पडली, की बोललेले खरे होते. या समजाला कोणी अंधश्रद्धा म्हणेल, पण इमारती कशा ठरतात याचे इतके अचूक वर्णन पाठ्यपुस्तकांतही क्वचित सापडेल. इमारत खरोखरच तथास्तु म्हणते. तिच्याकडे जे मागितले ते ती देते, आणि जे मागायचे राहून गेले ते पुढची पन्नास-साठ वर्षे देत नाही. मग मागणारे तोंड कोणाचे, हा प्रश्न नुसता बांधकामाचा उरत नाही, नीतीचाही होतो.

या मागण्याचे एक शास्त्र आहे. आर्किटेक्ट त्याला प्रोग्रामिंग म्हणतात. आपण त्याला साध्या भाषेत ‘गरजांची यादी’ म्हणू. अमेरिकेतल्या विल्यम पेन्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये ‘प्रॉब्लेम सीकिंग’ नावाचे पुस्तक काढून या कामाला शिस्त लावली. आराखडा काढणे म्हणजे प्रश्न सोडवणे, आणि त्याच्या आधीचे काम म्हणजे प्रश्न शोधणे, अशी त्यांची मांडणी होती. ध्येये ठरवा, माहिती गोळा करा, कल्पना तपासा, गरजा मोजा आणि मग प्रश्न नेमक्या शब्दांत मांडा. पेन्सिल त्यानंतर उचलायची. पद्धत निर्दोष दिसते. पण गरजा मोजण्याआधी माणसे मोजावी लागतात, आणि चूक बहुधा तिथेच होते.

बंगळुरूचे जयनगर मुळात यादी करूनच वसवलेले उपनगर आहे. १९४८ मध्ये त्याची सुरुवात झाली. ब्लॉक, क्रॉस, मेन, उद्याने, बाजार, शाळा, सगळे आधी कागदावर आले. तीस बाय चाळीस किंवा चाळीस बाय साठ फुटांच्या साइटवर एक कुटुंब, पुढे थोडी बाग, मागे धुण्याचा दगड. आता ती बैठी घरे एकामागून एक पडत आहेत. त्यांच्या जागी चार मजले उभे राहतात आणि तळमजला नुसत्या खांबांवर मोकळा ठेवतात, कारण तिथे गाड्या राहतात. पार्किंगची सोय दाखवल्याशिवाय नकाशा मंजूर होत नाही. एका गाडीला साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच-साडेपाच मीटर लांब जागा, म्हणजे सुमारे १४० चौरस फूट. मुंबईत १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतली एक खोली साधारण १६० चौरस फुटांची होती, आणि तिच्यात गिरणी कामगारांची अख्खी कुटुंबे पिढ्यानपिढ्या राहिली.

याच तळमजल्यावर जिन्याखाली किंवा पाण्याच्या संपशेजारी एक कोंदट कोपरा असतो. विजेच्या मीटरांचा बोर्ड, जुन्या रंगाचे डबे, दोरीवर वाळणारे कपडे आणि एक स्टोव्ह. तिथे वॉचमनचे कुटुंब राहते. ते उत्तर कर्नाटकातून आलेले असते, कधी नेपाळातून. दिवसाचे चोवीस तास त्या इमारतीत असणारे बहुधा हेच एक कुटुंब. वरच्या मजल्यांवरचे लोक कामाला जातात, गावाला जातात, परदेशी मुलाकडे सहा महिने राहून येतात. वापरण्याचे तास मोजले, तर इमारतीचा सर्वांत मोठा वापरकर्ता जिन्याखाली राहतो. नकाशात मात्र तिथे नुसता जिना असतो.

गंमत अशी, की जमिनीवर झोपलेल्या माणसाचा विचार जयनगरात बारकाईने होतो. ईशान्येला डोके आणि नैऋत्येला पाय करून पालथ्या पडलेल्या वास्तुपुरुषाच्या अंगावर चुकीचा खांब येऊ नये, म्हणून नकाशे बदलतात. संप ईशान्येला सरकतो, स्वयंपाकघर आग्नेयेला जाते. त्याच जमिनीवर रोज रात्री खरोखर झोपणाऱ्या माणसाचे डोके कुठे येईल, त्याच्या अंगावर कोणाच्या मोटारीचा धूर येईल, हे विचारण्यासाठी मात्र कोणतेही शास्त्र बोलावले जात नाही.

यावर एक प्रामाणिक उत्तर येते. घर बांधणारा पैसे देतो, तेव्हा यादीही त्याचीच असणार. आर्किटेक्टने आणखी कोणाकोणाला विचारत बसावे? हे उत्तर व्यवहाराचे आहे, आणि व्यवहार तुच्छ मानण्याची गोष्ट नव्हे. पण पैसे देणारा आणि वापरणारा हे दोघे वेगळे असतात, एवढे तरी त्या उत्तरात मान्य झालेले असते. शाळा मुले बांधत नाहीत. इस्पितळ रोगी बांधत नाहीत. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारती त्यांत राहणारे बांधत नाहीत.

मानखुर्दची लल्लूभाई कंपाउंड आणि गोवंडीची नटवर पारेख कंपाउंड या मुंबईच्या पुनर्वसन वसाहती पाहा. तिथे घराचे क्षेत्रफळ २२५ चौरस फूट, म्हणजे बीडीडीच्या खोलीहून जास्त. घरात नळ, घरात संडास, दाराला स्वतःचे कुलूप. यादीतला प्रत्येक रकाना भरलेला. पण इमारती इतक्या जवळजवळ उभ्या, की खालच्या मजल्यांवर भरदुपारी दिवा लावावा लागतो. ‘डॉक्टर्स फॉर यू’ आणि आयआयटी मुंबई यांचा अभ्यास २०१८ मध्ये पुढे आला. घरात ऊन-वारा न पोहोचणे आणि क्षयरोग यांचा संबंध त्यात दिसला. तिथे कोणी दुष्टपणा केला, असे मानायची गरज नाही. यादीत चौरस फूट होते आणि सकाळचे ऊन नव्हते. वास्तू यादीला तथास्तु म्हणाली, आणि न मागितलेल्या उन्हाची किंमत कोणाच्या तरी फुप्फुसाने चुकवली.

मग उपाय काय? लोकांना विचारा, असे आपण चटकन म्हणतो. विचारलेच पाहिजे, पण तेवढ्याने भागत नाही. ज्याला जन्मात कधी कोणी विचारले नाही, तो मागतानाही अंग चोरून मागतो. जिन्याखालच्या बाईला काय हवे म्हणून विचारले, तर ती दाराला नीट कडी मागेल, फार तर एक पंखा मागेल. खिडकी ती मागणार नाही, कारण तिच्या हिशेबात खिडकी दुसऱ्यांच्या घराला असते. तिने मागितली नाही म्हणून तिची गरज नव्हती, असे म्हणणे सोयीचे आहे, खरे नाही. माणसाची इच्छा त्याच्या परिस्थितीच्या मापाने बेतलेली असते. गरज त्या मापात मावतेच असे नाही.

अशा वेळी विचारण्याला पाहण्याची जोड लागते. फिनलंडच्या पायमिओ गावी १९३३ मध्ये क्षयरोग्यांचे आरोग्यधाम उभे राहिले. त्याचे आर्किटेक्ट आल्वार आल्टो यांनी रोग्याकडे आडवा पडलेला माणूस म्हणून पाहिले. उभ्या माणसाची खोली भिंतींची असते, आडव्याची छताची. म्हणून छताचा रंग गडद आणि शांत, दिव्याचा झोत डोळ्यांवर न येणारा, आणि शेजारच्या खाटेवरच्याची झोप मोडू नये म्हणून पाण्याचा आवाज न करणारे बेसिन. आवाज न करणारे बेसिन कोणत्या रोग्याने मागितले असते?

आपल्या शहरातही असे एक ठिकाण आहे. मारतहळ्ळीजवळच्या ‘करुणाश्रय’मध्ये शेवटच्या टप्प्यातल्या कर्करोग्यांची विनामूल्य शुश्रूषा होते. तिचा आराखडा मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकलेल्या संजय मोहे यांचा. दगडी भिंती, मधोमध पाणी, बागेकडे उघडणारे वॉर्ड. बरे करणे हे जिथे उद्दिष्टच उरत नाही, तिथे इस्पितळाची नेहमीची यादी निरुपयोगी ठरते. जाणाऱ्याला आकाश दिसावे, ही गरज कोणत्या रकान्यात लिहायची?

पण पाहणाऱ्यालाही एक धोका असतो. तुझे भले तुझ्यापेक्षा मला जास्त कळते, या वळणावर तो केव्हा पोहोचतो हे त्याला समजत नाही. त्यावर चार्ल्स कोरिया यांनी नवी मुंबईत बेलापूरला १९८० च्या दशकात एक उत्तर दिले. सात-सात घरांच्या मध्ये अंगण ठेवले, प्रत्येक घराला स्वतंत्र जमीन दिली आणि भिंती शेजाऱ्याशी सामाईक ठेवल्या नाहीत, म्हणजे कुटुंबाला ऐपतीप्रमाणे घर वाढवता येईल. लोकांनी ते वाढवले. कित्येकांनी तर मूळ घर पाडून मजले चढवले. कोरियांची उतरती छपरे पाहायला जाणारे विद्यार्थी त्यामुळे हिरमुसतात. मला मात्र त्यात आर्किटेक्टचा पराभव दिसत नाही. तुमच्या गरजेबद्दल माझा अंदाज चुकू शकतो, हे त्या आराखड्यातच लिहिलेले होते. दुसऱ्याच्या वतीने ठरवणाऱ्याने निदान एवढे करावे. आपले ठरवणे खोडता येईल, अशी जागा सोडावी.

जयनगरच्या साइटवर हे सगळे फार लहान प्रमाणात करता येईल. नकाशावर सही करण्याआधी इमारतीचे चोवीस तास कागदावर लिहावेत. पहाटे पाचला इथे कोण जागे असेल, दुपारी दोनला कोण, रात्री कोण कुठे झोपेल? धुणीभांडी करणाऱ्या बाईंना मधल्या वेळेत टेकायचे झाले, बाथरूमला जायचे झाले, तर त्या कुठे जातील? या कागदावर वॉचमन, त्याची बायको आणि मीटरांच्या बोर्डाखाली अभ्यास करणारी त्याची मुलगी आपोआप येतात. मग हिशेब अगदी सरळ होतो. एका गाडीच्या १४० चौरस फुटांत खिडकीची एक खोली आणि छोटा संडास बसतो. नियमाने लागणारी पार्किंगची जागा सोडली, तरी बहुतेक तळमजल्यांवर कोणाच्या ना कोणाच्या दुसऱ्या गाडीची जागा असते. ती दुसरी गाडी बहुधा हा लेख वाचणाऱ्यांपैकीच कोणाची तरी असेल. तिच्याबद्दल निर्णय घ्यायला कोणत्याही नव्या शास्त्राची वाट पाहावी लागत नाही.