जमैकेचा ‘मी’

जमैकेतला माणूस स्वतःबद्दल बोलतो तेव्हा ‘मी’ म्हणतो. उच्चार आपल्या मराठी ‘मी’सारखाच आणि अर्थही तोच. हा निव्वळ योगायोग आहे, कारण त्या ‘मी’चं मूळ इंग्रजीत ‘मला’ या अर्थाने येणाऱ्या शब्दात आहे. ‘मी सी इम’ म्हणजे मी त्याला पाहिलं आणि ‘इम सी मी’ म्हणजे त्याने मला पाहिलं. कर्ता असो वा कर्म, ना ‘मी’ बदलत, ना ‘इम’. या बोलीला तिथले लोक पात्वा म्हणतात. बाजारात, बसमध्ये, घरच्या ओट्यावर तिच्याशिवाय पान हलत नाही.

पण त्याच बेटावर असेही लोक आहेत ज्यांना हा ‘मी’ तोंडात धरवत नाही.

रास्ताफारी पंथाचे लोक ‘आय’ म्हणतात. एकट्याबद्दल बोलताना ‘आय-मॅन’, आणि एकट्याबद्दल किंवा सगळ्यांबद्दल बोलताना ‘आय अँड आय’. त्यांचं म्हणणं सरळ आहे. इंग्रजी व्याकरणात ‘मी’ म्हणजे ज्याच्यावर क्रिया घडते तो. ज्याला पकडलं, जहाजात कोंबलं, विकलं, राबवलं तो. ‘आय’ म्हणजे जो स्वतः करतो तो. मराठीत ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो आणि ‘आपण’ म्हटलं की आत येतो. ‘आय अँड आय’ त्या ‘आपण’च्या जवळ जातं, पण त्यात आणखी एक जण असतो: माणसाच्या आत वसणारा ‘जाह’, म्हणजे देव. शिवाय त्यांचा देवावतार म्हणजे इथिओपियाचा सम्राट हाइले सेलासी ‘पहिला’. त्याच्या नावापुढचा रोमन एक म्हणजे तेच इंग्रजी अक्षर, एक उभी रेघ. रास्ताफारी ते ‘सेलासी आय’ असंच वाचतात.

जमैकेत भाषेवरून जे वाद झाले आणि अजून होतात, त्यांची मुळं या दोन शब्दांपर्यंत जातात. आमची बोली जशी आहे तशीच पुरती भाषा आहे, तिला मोडकं इंग्रजी म्हणू नका, असं एक बाजू सांगते. दुसरी म्हणते की या बोलीत मालकाच्या हाताचे ठसे उरलेत, म्हणून प्रत्येक शब्द धुऊन घेतला पाहिजे. दोन्हींमागची जखम एकच आहे, आणि तरी त्या एकमेकींना छेद देतात.

इंग्रजांनी 1655 मध्ये स्पॅनिश लोकांकडून हे बेट घेतलं. पुढे उसाच्या मळ्यांसाठी पश्चिम आफ्रिकेतून माणसं आणली गेली. वेगवेगळ्या भाषांची ही माणसं एका मळ्यावर आली आणि कामाचे हुकूम इंग्रजीत सुटत होते. त्यातून जी बोली घडली तिचे बहुतेक शब्द इंग्रजी, पण अंगकाठी निराळी. खाण्याला ‘न्याम’ आणि भुताला ‘डपी’ हे शब्द इंग्रजी नव्हेत. ‘तुम्ही’साठी ‘उनू’ आहे आणि तो इग्बो भाषेतून आला. आपल्याला तू आणि तुम्ही यांत फरक करायची सवय असते, म्हणून या एका शब्दाचं मोल पटकन कळतं. प्रमाण इंग्रजीत एकालाही ‘यू’ आणि दहांनाही ‘यू’. पात्वात एकाला ‘यू’ आणि अनेकांना ‘उनू’. ज्या बोलीला मास्तर तुटकी म्हणत आले, तिच्यात ही सोय इंग्रजीपेक्षा जास्त आहे.

गव्हर्नरची पत्नी मरिया न्यूजंट 1801 ते 1805 या काळात जमैकेत राहिली. बेटावर वाढलेल्या गोऱ्या बायकाही गुलामांसारखं लांबवून, तोडून बोलतात, अशी नाराजी तिने आपल्या रोजनिशीत नोंदवली. म्हणजे तेव्हा ही बोली एखाद्या संसर्गासारखी मानली जात होती: नोकरांकडून मालकिणीला होणारा आजार. 1838 मध्ये गुलामगिरी पुरती संपली, पण ही समजूत संपली नाही. शाळेने ती पुढे चालवली. नीट बोलायचं म्हणजे इंग्रजी बोलायचं, आणि घरचं बोलणं म्हणजे ‘चॅट बॅड’. पण उगाच विलायती ढंगात बोलणाऱ्याला ‘स्पीकी-स्पोकी’ म्हणायलाही लोक विसरले नाहीत. वरच्या पायरीवर चढायचं तर बोली सोडायची, आणि सोडली तर आपलेच लोक हसणार, ही कात्री तिथल्या शिकलेल्या माणसाच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या आली.

क्लॉड मके याने 1912 मध्ये ‘साँग्ज ऑफ जमैका’ हा संग्रह बोलीत काढला, पण अमेरिकेला गेल्यावर तो प्रमाण इंग्रजीतल्या सुनीतांकडे वळला. ठाण मांडून बसली ती लुईझ बेनेट, सगळ्या बेटाची मिस लू. 1942 मध्ये तिचं ‘डायलेक्ट व्हर्सेस’ आलं. बाजारातल्या बायकांचं भांडण, ट्रॅममधली ढकलाढकल, परदेशी निघालेला शेजारी, असे तिचे विषय. पुढे ती लंडनच्या नाट्यशाळेत शिकली, बीबीसीवर बोलली, आणि तरी घरच्या साहित्यवर्तुळात बराच काळ केवळ विनोदी कलावती ठरली. बोलीचा खातमा करायला निघालेल्या एका गृहस्थाला तिने कवितेतून विचारलं आहे की बोली मारायच्याच तर इंग्लंडातल्याही मारणार का, कारण इंग्रजी तरी बोलींतूनच झाली. हा युक्तिवाद भाषाशास्त्राच्या कसोटीला पूर्ण उतरतो. तो तिने हसतखेळत मांडला. कवी मर्व्हिन मॉरिस यांनी 1963 मध्ये तिच्यावर निबंध लिहिला, तेव्हा तिला ‘गांभीर्याने’ वाचावं हे शीर्षकातच सांगावं लागलं. या एका शब्दावरून तोवर तिच्यावर काय अन्याय झाला होता ते कळतं.

1962 मध्ये देश स्वतंत्र झाला आणि अभ्यासकांनीही कंबर कसली. फ्रेडरिक कॅसिडी यांचं ‘जमैका टॉक’ 1961 मध्ये आलं होतं; 1967 मध्ये रॉबर्ट ले पेज यांच्यासोबत केलेला त्यांचा कोश निघाला. 1966 मध्ये जमैकेच्याच बेरिल लॉफ्टमन बेली यांनी या बोलीच्या वाक्यरचनेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ‘डी ब्वाय डेम’ म्हणजे ती मुलं. नामाचं अनेकवचन मागे ‘डेम’ लावून होतं. ‘मी न्याम’ आणि ‘मी आ न्याम’ यांत खाल्लं आणि खातोय एवढा फरक, आणि तो त्या इवल्या ‘आ’ने होतो. चूक अशी नेमाने होत नसते. जिथे नेम आहे तिथे व्याकरण आहे.

हे पुस्तकात मान्य झालं, पण वर्गात नाही. स्थलांतरितांची मुलं लंडनच्या शाळांत गेली तेव्हा त्यांच्या बोलण्यावरून त्यांची बुद्धी जोखली गेली आणि कितीतरी मुलं मंदमतींच्या शाळांत ढकलली गेली. ग्रेनाडाचे शिक्षक बर्नार्ड कोअर्ड यांनी 1971 मध्ये त्यावर पुस्तिका लिहून हे उघड्यावर आणलं. पोर घरची भाषा बोलतं आणि शाळा त्याला खुळं ठरवते, याहून मोठा गुन्हा एखाद्या शाळेच्या हातून क्वचितच घडत असेल. बार्बाडोसचे कवी कामाउ ब्रॅथवेट यांनी नंतर ‘बोली’ हा शब्दच नाकारला आणि ‘नेशन लँग्वेज’ असं नाव दिलं. 1984 च्या ‘हिस्टरी ऑफ द व्हॉइस’मध्ये त्यांनी ते सविस्तर मांडलं.

हे सगळं चालू असताना किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत आणखी काहीतरी शिजत होतं.

2 नोव्हेंबर 1930 रोजी इथिओपियात हाइले सेलासी गादीवर बसला. जमैकेतल्या काही उपदेशकांना त्यात भविष्यवाणी खरी झालेली दिसली. त्यांतला अग्रणी लेनर्ड हॉवेल. 1934 मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्याला शिक्षा झाली. त्याच्या पुस्तिकेवर लेखकाचं नाव होतं ‘गंगुनगुरू मराज’. हा ‘मराज’ म्हणजे महाराज. 1845 पासून उत्तर हिंदुस्थानातले करारबद्ध मजूर जमैकेच्या मळ्यांवर येत होते. त्यांच्या सहवासातून हा शब्द तिथे पोचला. रास्ताफारी ज्याला पवित्र वनस्पती मानतात तिचं नावही तसंच आलं: गांजा. मराठी माणसाने जमैकन गाणं ऐकताना ओळखावा असा हा एक शब्द.

1949 च्या सुमारास किंग्स्टनमध्ये ‘यूथ ब्लॅक फेथ’ नावाचा तरुणांचा गट उभा राहिला. समाजशास्त्रज्ञ बॅरी शेवान यांनी या मंडळींशी बोलून लिहिलं आहे. जटा वाढवण्याची चाल आणि ही नवी भाषा, दोन्ही त्यांच्या भोवती रुजल्या. रात्र रात्र चालणाऱ्या चर्चेला ते ‘रीझनिंग’ म्हणत, आणि तिथे शब्द एखाद्या भांड्यासारखा वाजवून पाहिला जाई. ‘अंडरस्टँड’? समजणं म्हणजे खाली उभं राहणं कसं असेल? मग ‘ओव्हरस्टँड’. ‘डेडिकेट’मध्ये मरण वाजतं, म्हणून ‘लिव्हिकेट’. ‘ॲप्रीशिएट’च्या शेवटी ‘हेट’ ऐकू येतो, म्हणून ‘ॲप्रीशिलव्ह’. ‘सिगरेट’मधला ‘सी’ म्हणजे पाहणं, पण धूर तर डोळे जाळतो, म्हणून ‘ब्लाइंडजरेट’. ‘युनिटी’ची झाली ‘आयनिटी’ आणि ‘व्हायटल’चं ‘आयटल’, म्हणजे मीठ न घातलेलं सात्त्विक जेवण.

आणि ‘ऑप्रेस’चं ‘डाउनप्रेस’. दडपणारी गोष्ट माणसाला खाली दाबते, मग तिच्यात ‘अप’ कशाला?

व्युत्पत्ती जाणणारा लगेच हरकत घेईल. ‘ऑप्रेस’मधला ‘ऑप’ लॅटिन आहे, त्याचा ‘वर’शी संबंध नाही, ‘डेडिकेट’मध्ये कुणी मेलेलं नाही. हरकत खरी आहे, पण त्यात एक गोष्ट निसटते. इंग्रजी ‘अप’ हा शब्द पात्वात ‘ओप’ असा उच्चारतात. म्हणजे ‘ऑप्रेस’मध्ये ‘अप’ ऐकू येतो तो जमैकन कानालाच. लंडनच्या कानाला तो येणार नाही. ज्या बोलीचा ‘मी’ रास्ताफारींनी टाकला, त्याच बोलीच्या उच्चारावर त्यांचा हा शब्दखेळ उभा आहे. पात्वाची बाजू घेणाऱ्यांनी रास्ताफारी बोलीला उपरी मानू नये आणि रास्ताफारींनी पात्वाला गुलामीची उरलेली साल मानू नये, याला हा एक शब्द पुरेसा आहे.

या बोलण्याची किंमत मोजावी लागली. 1963 च्या पवित्र गुरुवारी माँटेगो बेजवळच्या कोरल गार्डन्समध्ये हिंसाचार होऊन आठ जण दगावले. त्यानंतर पोलिसांनी दिसेल त्या रास्ताफारी माणसाला धरलं, मारलं, जटा कापल्या. सरकारने माफी मागितली ती 2017 मध्ये. पोलिसांना आणि साऱ्या व्यवस्थेला ‘बॅबिलॉन’ म्हणणं हे त्या दिवसांत आलंकारिक नव्हतं.

तरीही या भाषेतली एक उणीव सांगायला हवी. अक्षर न्‌ अक्षर तपासणाऱ्या या पंथात जाणत्या बाईलाही ‘डॉटर’ म्हणजे लेक म्हणतात. पुरुष ‘आय-मॅन’ झाला आणि बाई कुणाची तरी लेक राहिली. जी कसोटी ‘अंडरस्टँड’ला लावली ती इथे लावायला उशीर झाला.

मग रेगे आलं. 1972 च्या ‘द हार्डर दे कम’ या जमैकन चित्रपटाला अमेरिकेत इंग्रजी उपशीर्षकं जोडावी लागली. पण काही वर्षांत बॉब मार्लीमुळे ‘जाह’, ‘बॅबिलॉन’, ‘आयरी’ (म्हणजे छान, मजेत) हे शब्द जगभर गेले. भाषाअभ्यासक वेल्मा पोलार्ड 1980 पासून या ‘ड्रेड टॉक’वर, म्हणजे रास्ताफारी बोलीवर, लिहीत आल्या, 1994 मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. ज्या घरांत रास्ताफारी माणसाला दारात उभं केलं नसतं, त्या घरांतली पोरं त्याचे शब्द बोलू लागल्याचं त्यांनी दाखवलं. ‘आयरी’ तर पर्यटकांच्या बनियनवर जाऊन बसला.

इथून वाद नव्या वळणाला लागला: हे शब्द बोलायचे कुणी? फेब्रुवारी 2013 मध्ये अमेरिकेतल्या फुटबॉलच्या अंतिम सामन्यात फोक्सवॅगनची जाहिरात झळकली. मिनेसोटाचा एक गोरा कारकून जमैकन ढंगात बोलून ऑफिसातल्या उदास लोकांना हसवतो. काही अमेरिकी भाष्यकारांनी तिला वंशद्वेषी म्हटलं. जमैकेच्या पर्यटनमंत्र्यांनी तिचं स्वागत केलं. दोघांनाही आपापलं कारण होतं. पण जाहिरातीने त्या बोलीतून फक्त आनंद उचलला. ‘डाउनप्रेस’ ज्यांना घडवावा लागला ते लोक त्यात कुठेच नव्हते, आणि खटकतं ते हेच.

दरम्यान पात्वाची बाजू घरात भक्कम होत गेली. वेस्ट इंडीज विद्यापीठातल्या जमैकन लँग्वेज युनिटने 2005 मध्ये सुमारे एक हजार लोकांना विचारलं. इंग्रजीबरोबर पात्वालाही अधिकृत दर्जा द्यावा असं जवळपास 70 टक्के म्हणाले. प्राध्यापक कॅरोलिन कूपर वृत्तपत्रातलं सदर पात्वात लिहू लागल्या, तेही दोन लिप्यंतरांत. इंग्रजी वळणाचं ओबडधोबड ते ‘चाका-चाका’, आणि कॅसिडींच्या पद्धतीचं, उच्चाराबरहुकूम, ते ‘प्रापा-प्रापा’. 2012 मध्ये वेस्ट इंडीजच्या बायबल सोसायटीने नवा करार पात्वात छापला. शास्त्र बाजारच्या भाषेत आणलं म्हणून काही जण संतापले. काहींना देव पहिल्यांदाच आपल्या घरात बोलल्यासारखं वाटलं.

हा करार कॅसिडी पद्धतीने लिहिला आहे. त्या पद्धतीत इंग्रजी स्पेलिंगला थारा नाही. जसा उच्चार तसं अक्षर. तिच्यात ‘आय’ लिहायचा तर दोन अक्षरं जोडून लिहावा लागतो, देवनागरीत लिहितो तसाच. ती उभी रेघ, सेलासीच्या नावापुढचा तो एक, कागदावर उरत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतःबद्दल पुन्हा पुन्हा सांगतो: वाट कोण, दार कोण, चांगला मेंढपाळ कोण. रास्ताफारी ज्या जुन्या इंग्रजी बायबलवर वाढले त्यात अशा प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला ती रेघ उभी आहे. पात्वा बायबलात तिथे येशू म्हणतो, ‘मी’.