नाव कशासाठी घ्यावी?

अंबरनाथ-बदलापूरकडे जुनी सदनिका घ्यायला निघालेला माणूस भिंतींना ओल आहे का ते पाहतो, पाणी किती वेळ येते ते विचारतो, स्टेशनचे अंतर पायांनी मोजतो. ती आपण नेमकी कशासाठी घेत आहोत, हा प्रश्न मात्र तो स्वतःला क्वचितच विचारतो. राहण्यासाठी, भाड्याने देण्यासाठी, की भाव वाढताच विकण्यासाठी? तिन्ही हेतू एकाच छपराखाली सुखाने नांदतील, असे तो गृहीत धरतो. उल्हासनगरच्या बाजारात जुने कपाट घेतानाही आम्हा सर्वांचे हेच होते.

हा प्रश्न शिडाच्या नावेच्या बाबतीत फार उघडा पडतो. आमच्या या तीन गावांना समुद्र नाही. पण उल्हास नदी येथूनच वसईच्या खाडीकडे जाते आणि वाटेवरच्या कल्याणात सतराव्या शतकात शिवाजी महाराजांच्या आरमाराची जहाजे बांधली गेली, तीही वसईकडच्या पोर्तुगीज कारागिरांचे साहाय्य घेऊन. तेव्हा विषय अगदीच परका नव्हे.

वापरलेली शिडाची नाव घेणाऱ्यापुढे तीन हेतू असतात: सफर, शर्यत आणि वास्तव्य. शर्यतीला नाव हलकी हवी. वास्तव्याला पाण्याच्या टाक्या, धान्य, अंथरूण, पुस्तके हवीत, म्हणजे वजन हवे. दूरच्या सफरीला मजबुती हवी, कारण भर समुद्रात सुतार बोलावता येत नाही. एका हेतूला जे द्यावे ते दुसऱ्याकडून काढून घ्यावे लागते. पेत्राच्या नावेने मासे धरले, माणसे पैलतीरी नेली, ती प्रभूचे प्रवचनपीठही झाली. पण तिला शर्यतीत कोणी उतरवले नव्हते!

जुनेपण हा यात खरा दोष नव्हे. आपल्या नौदलातून निवृत्त झालेले अभिलाष टॉमी २०२२ साली सुरू झालेल्या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत एका वापरलेल्या नावेतून दुसरे आले. त्याआधी, २०१८ मध्ये, गोव्यात नव्याने बांधलेल्या 'थुरिया'च्या डोलकाठ्या वादळात मोडल्या होत्या. ही 'थुरिया' ज्या नावेच्या धर्तीवर घडवली होती, ती 'सुहैली' मुळात मुंबईची लेक.

कुलाब्यात १९६३-६४च्या सुमारास सागवानी लाकडातून, बहुतांश हातहत्यारांनी, सुतारांनी ती उभी केली. लांबी सुमारे ३२ फूट. तिचे मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे व्यापारी जहाजावरील तरुण अधिकारी. तिच्यातूनच ते इंग्लंडला परतले. दुसरी नाव 'जोशुआ', फ्रान्समध्ये १९६२ साली बांधलेली, पोलादी, सुमारे ३९ फुटांची. डोलकाठ्या म्हणजे चक्क तारेचे खांब. बर्नार म्वातेसिये आणि त्यांची पत्नी फ्रान्स्वाज यांचा संसार तिच्यावर झाला होता. ताहितीहून हॉर्न भूशिराला वळसा घालून ती दोघे १२६ दिवसांत स्पेनला पोचली होती.

१९६८ साली 'संडे टाइम्स'ने शर्यत जाहीर केली: एकट्याने, कोठेही न थांबता, पृथ्वीप्रदक्षिणा. नऊ जण निघाले. 'सुहैली' १४ जूनला निघाली. प्रवास नुकता सुरू झाला होता, तोच तिचे सांधे पाझरू लागले. मालकाने पाण्याखाली उतरून त्यांत कापूस ठासला. पुढे पिण्याचे पाणी नासले, रेडिओ बंद पडला, आपोआप दिशा धरणारे यंत्र मोडले. 'जोशुआ' २२ ऑगस्टला निघाली. म्वातेसिये यांनी वेगासाठी तिचे इंजिन काढून टाकले होते; पुढे संसारातले जडजड सामानही समुद्रात टाकले. घराची शर्यतीची नाव झाली. ६९ दिवसांचे अंतर हॉर्न भूशिरापाशी १९ दिवसांवर आले.

आणि मग ते परतलेच नाहीत. मार्च १९६९ मध्ये केपटाऊनजवळ एका जहाजावर त्यांनी गलोलीने चिठ्ठी फेकली: आपण समुद्रावर सुखी आहोत, आणि कदाचित आत्मा वाचवण्यासाठीही, पुढेच जात आहोत, अशा अर्थाची. जूनमध्ये ते ताहितीला पोचले.

या चिठ्ठीचे कौतुक पुष्कळ होते. आम्हालाही ती मोह घालते. आत्म्यासाठी कीर्ती आणि द्रव्य लाथाडणारा माणूस कोणाला आवडणार नाही? वर्तमानपत्राचे ते काही देणे लागत नव्हते. परंतु बंदरावर फ्रान्स्वाज वाट पाहत होती. बक्षीस सोडणे त्यांच्या अधिकारातले होते. तिचे वाट पाहणे सोडून देणे एकट्या त्यांच्या अधिकारात होते काय? आमच्या मते नव्हते. ज्या नावेत दोघांचा संसार झाला, तिचा हेतू एकाने परस्पर बदलला. एकदा शर्यतीसाठी, पुन्हा एकदा आत्म्यासाठी. दुसरे कारण थोर असले तरी विचारणे राहिलेच.

नॉक्स-जॉन्स्टन २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, ज्या बंदरातून निघाले त्याच फाल्मथला आले. नऊ जणांत तेच एकटे पोचले. डोनाल्ड क्रोहर्स्ट या स्पर्धकाने खोटे ठावठिकाणे कळवले होते. जुलैमध्ये त्याची रिकामी नाव सापडली. मागे पत्नी आणि चार मुले. नॉक्स-जॉन्स्टन यांनी आपले ५००० पौंडांचे बक्षीस त्या कुटुंबासाठी देऊन टाकले. हाही त्यागच, पण आधी घरी येऊन, पैसा हाती घेऊन केलेला. त्यात गलोल नाही, चिठ्ठी नाही, म्हणून त्याची आठवण कमी निघते.

पुढे 'जोशुआ' १९८२ साली मेक्सिकोच्या किनाऱ्यावर वादळात आपटली. दुरुस्त होऊन ती आता फ्रान्समधील ला रोशेलच्या सागरी संग्रहालयाकडे आहे. 'सुहैली'लाही ग्रीनिचच्या संग्रहालयात मानाची जागा मिळाली होती. पण तेथल्या कोरड्या हवेत तिच्या सागवानी फळ्या आकसू लागल्या. २००२ मध्ये नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिला तेथून बाहेर काढले आणि दुरुस्तीला घेतले.