वर्शिप लीडर, तुझी मेंढरं कुठे आहेत?



आजचं वाचन: कलस्सैकरांस पत्र ३:१६ आणि स्तोत्र ७३

आजचं मनन खास त्यांच्यासाठी, जे मंडळीत गिटार धरतात, पेटी वाजवतात किंवा माईकवर पहिली ओळ उचलतात. आणि सगळ्यात आधी माझ्यासाठी.

आमची मंडळी छोटी आहे. महाळुंग्यात दुकानांच्या वरच्या मजल्यावर एक भाड्याचा हॉल, पन्नासेक खुर्च्या. चाकण एमआयडीसीत अनेकांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, रविवारी नाही. त्यामुळे कोणी तिसरी शिफ्ट संपवून थेट उपासनेला येतं, तर कोणी अर्ध्यातून उठून कंपनीची बस पकडतं.

एका रविवारी मी जोशात होतो. आठवडाभर प्रॅक्टिस झालेली, आवाज मस्त लागलेला. तिसऱ्या ओळीत एक दादा मान खाली घालून बसले होते. मी माईकवरूनच म्हणालो, "दादा, प्रभूच्या घरात चेहरा पाडून बसायचं नाही हं! उठा, हात वर!" सगळे हसले. दादा उठले. त्यांनी टाळ्याही वाजवल्या. आणि पुढचे तीन रविवार ते आलेच नाहीत.

पाळकसाहेबांबरोबर मी त्यांच्या खोलीवर गेलो, तेव्हा कळलं. त्याच आठवड्यात ठेकेदाराने त्यांना ब्रेक दिला होता. गावी पैसे कसे पाठवायचे, या विचारात रात्रभर झोप नव्हती. ते शांतपणे म्हणाले, "मला त्या दिवशी गाता येत नव्हतं रे. पण तुमचं गाणं ऐकायचं होतं. म्हणून आलो होतो."

मी काय बोलणार? गाणं मी चांगलं बसवलं होतं. माणूस मात्र मला दिसलाच नव्हता.

आता आजचं वचन उघडा. पौल इथे गाण्याबद्दल बोलतो, पण आवाज, सूर, वाद्यं यांचं नावही काढत नाही. स्तोत्रं आणि गीतं कशासाठी? तर एकमेकांना शिकवण्यासाठी, एकमेकांना बोध करण्यासाठी. आता जरा मागे जाऊन १:२८ वाचा. तिथे पौल स्वतःच्या सेवेबद्दल सांगतो, आणि कामं हीच दोन सांगतो: बोध करणं आणि शिकवणं. म्हणजे पौल प्रेषित म्हणून जे करत होता, तेच मंडळी गाताना करत असते. मग ते गाणं निवडणारा माणूस नुसता गायक कसा राहील? त्याच्या हातात पाळकाच्या कामाचा एक भाग आलेला असतो.

जुन्या करारातला आसाफ पाहा. दावीदाने नेमलेला गायक. १ इतिहास २५ मध्ये मंदिराच्या शिकलेल्या गायकांची संख्या २८८ दिली आहे, आणि त्यांच्या प्रमुखांपैकी हा एक. बारा स्तोत्रांवर त्याचं नाव आहे: ५० वं आणि ७३ ते ८३. ती वाचताना जाणवतं की हा माणूस फक्त आनंदाची गाणी देत नाही. ७४ आणि ७९ मध्ये उद्ध्वस्त झालेल्या मंदिराचं रडणं आहे. ८० मध्ये तो देवालाच इस्राएलाचा मेंढपाळ म्हणून हाक मारतो.

आणि ७३? तिथे आसाफ कबूल करतो की दुष्टांची भरभराट बघून त्याचाच पाय घसरत आला होता. पण १५ वी ओवी नीट वाचा. हे सगळं मी तसंच बडबडलो असतो, तर देवाच्या लेकरांचा घात झाला असता, असं त्याला वाटतं. तो आपली शंका घेऊन आधी देवाच्या पवित्रस्थानात जातो आणि मग तिचं गाणं करतो. ती शंका तो लपवत नाही, आणि लोकांवर फेकतही नाही. यालाच मी मेंढपाळाचं मन म्हणतो. आपलं गाणं कोणाच्या कानात जाणार आहे, याची काळजी.

आपल्या मराठी मंडळीलाही असा माणूस मिळाला होता. रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढे अहमदनगर ही त्यांची कर्मभूमी झाली. ते पाळकही होते आणि कवीही. परक्या चालींवर बेतलेली गीतं आपल्या लोकांच्या गळ्यात उतरत नाहीत, हे त्यांनी ओळखलं. म्हणून त्यांनी ख्रिस्ताला अभंगात, भजनात, कीर्तनात आणलं. 'उपासना संगीत' उघडलं की आजही त्यांची गीतं भेटतात. समोरचा माणूस कोण आहे, त्याच्या ओठांवर काय बसेल, हा प्रश्न त्यांनी आधी विचारला.

मित्रांनो, प्रवचनातले तीन मुद्दे मंगळवारपर्यंत आपण विसरतो. पण ध्रुवपद लाईनवर काम करतानाही डोक्यात घुमत राहतं. फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री पौल आणि सीला गात होते (प्रेषितांची कृत्ये १६:२५). तिथे ना बँड होता ना स्क्रीन. जे आत साठलं होतं, तेच बाहेर आलं. आपण रविवारी जे गाऊन घेतो, तीच कोणाची तरी रात्रपाळीची शिदोरी असते.

म्हणून आता मी तीन गोष्टी करायला शिकतोय. शनिवारी गाणी ठरवण्याआधी पाळकसाहेबांना फोन करून विचारतो, "या आठवड्यात कोण अडचणीत आहे?" गाण्यांमध्ये एक तरी जागा अशी ठेवतो, जिथे रडणारा माणूसही बसून प्रार्थना करू शकेल. आणि उपासना संपल्यावर वायरी गुंडाळण्याआधी खाली उतरून लोकांना भेटतो. वायरी कुठे जात नाहीत. माणसं जातात.

मी दादांची माफी मागितली. त्यांना दुसरीकडे काम मिळालंय, पण रविवारची सुट्टी नाही. मग शिफ्टच्या आधी मी त्यांना त्या आठवड्याचं एक गीत रेकॉर्ड करून पाठवतो. कधी उत्तर येतं, कधी नाही. मी पाठवत राहतो.

आज थोडा वेळ थांबून स्वतःला विचारा: गेल्या रविवारी माझ्यासमोर कोण गात नव्हतं?

प्रार्थना: हे उत्तम मेंढपाळा, तू आम्हाला सूर दिलास, आता तुझे डोळेही दे. आमच्या आवाजाखाली कोणाचा हुंदका दबू देऊ नकोस. जे आज गाऊ शकत नाहीत, त्यांच्या वाटचं गाणं आम्हाला प्रेमाने गाऊ दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.