मनाचे औषध आणि आत्मबल

भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत रशियाच्या साहाय्याने उभारण्याचा करार 1955 साली झाला आणि 1959 च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. कारखान्याभोवती वसलेल्या नगरातील सेक्टर 2 सारख्या वसाहतीत पाळ्यांच्या कामावर आयुष्य बेतलेली माणसे वृद्ध होतात. निवृत्तीनंतर पाळी सुटते, पण वर्षानुवर्षांच्या रात्रपाळीने मोडलेली झोप लगेच परत येतेच असे नाही. मुले दूर जातात, सोबती एकेक करून निघून जातात, अन्न गोड लागत नाही, मन खिन्न होते. डॉक्टर गोळी लिहून देतात आणि घरात शंका उभी राहते : जन्मभर गीतापाठ करणाऱ्याने मनासाठी गोळी घेणे हा आत्मबलाचा पराभव नव्हे काय?

पूर्वपक्ष असा की, आपला उद्धार आपणच करावा, असे गीतेचा सहावा अध्याय सांगतो. आणि अर्जुनाचा विषाद तर केवळ उपदेशानेच गेला. परंतु अर्जुनाला कर्तव्याविषयी मोह झाला होता. ऐकण्याची, पुन्हा पुन्हा विचारण्याची शक्ती त्याच्या ठायी शाबूत होती. विषाद जेव्हा रोगाचे रूप घेतो, तेव्हा तो प्रथम ही श्रवणाची शक्तीच हिरावून घेतो. ज्याला ऐकणेच अशक्य झाले आहे, त्याला उपदेश कसा पोहोचावा?

शिवाय मन म्हणजे आत्मा नव्हे. सातव्या अध्यायात भगवंतांनी मनाची गणना पृथ्वी-जलादिकांबरोबर अष्टधा प्रकृतीत केली आहे. छांदोग्य उपनिषदातील कथाही हेच सांगते. पित्याच्या आज्ञेवरून श्वेतकेतू पंधरा दिवस केवळ पाण्यावर राहिला, तेव्हा त्याला पाठ असलेले वेद आठवेनात. अन्न घेताच ते आठवले. मन जर अन्नाने घडते, तर द्रव्याने ते सावरते यात आत्म्याला कोणता कमीपणा? मनाच्या औषधाचा विचार या देशाला नवाही नाही. सर्पगंधेच्या उन्मादावरील उपयोगाविषयी गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 साली लेख प्रसिद्ध केला होता. मात्र तिच्यातून निघालेल्या औषधाचे दुष्परिणाम पुढे ध्यानी आले आणि त्याचा वापर ओसरला. द्रव्य उपकारक असले तरी त्याला मर्यादा असते, हा बोधही त्यातच आहे.

म्हणून गोळी घेतली की कर्तव्य संपले, असे मानणेही तितकेच चुकीचे. वृद्ध शरीरातून औषधाचा निचरा सावकाश होतो. झोपेच्या कित्येक गोळ्यांनी तोल जातो, पडून हाड मोडते, बुद्धीवर झापड येते. याउलट खिन्नतेवरील औषधाचा गुण येण्यास बहुधा काही आठवडे लागतात. चार दिवसांत गुण नाही म्हणून, किंवा बरे वाटले म्हणून, ते एकाएकी सोडल्यास त्रास होतो. लिथियम घेणाऱ्याने निर्जळी उपवास केला, तर रक्तातील औषधाचे प्रमाण वाढून अपाय होऊ शकतो. अशा वेळी डॉक्टरांना विचारणे हाच नियम. थायरॉइडची किंवा ब-12 जीवनसत्त्वाची उणीवही खिन्नतेचे सोंग घेऊन येते, म्हणून आधी तपासणी हवी.

आहार, विहार, कर्म, निद्रा आणि जागृती या सर्वांत गीता प्रमाण मागते. अति खाणाऱ्याला योग नाही, तसा मुळीच न खाणाऱ्यालाही नाही. आठवड्यात निदान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचा सराव, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस त्याच प्रमाणाची आधुनिक भाषा होय. जो तेवढे करू शकत नाही, त्याने शक्तीप्रमाणे करावे. सकाळचे चालणे, वेळेवरचे वरणभात आणि भाजी, ठरल्या वेळेची गोळी आणि सायंकाळचे नामस्मरण यांत परस्परविरोध नाही.

“गोळ्या सोडा, जप करा” असे सांगणारा स्नेही सहज निरोप घेऊन जातो. त्यानंतरच्या जागरणाच्या रात्री मात्र त्या वृद्धाला आणि त्याच्या सहधर्मिणीला काढाव्या लागतात. ज्या उपदेशाचे फळ दुसऱ्याने भोगावयाचे, तो करताना जीभ आवरणे हेही तपच आहे. सतराव्या अध्यायाने हितकर वाणीला वाङ्मय तप म्हटले आहे. आत्मबल औषध नाकारण्यात नाही. आपले मनही प्रकृतीचाच अंश आहे हे निरहंकारपणे ओळखावे, त्याची योग्य शुश्रूषा होऊ द्यावी, आणि सावरलेले ते मन पुन्हा ईश्वरचरणी लावावे, यातच ते आहे.